स्लूस विकत घेण्याआधी: एकाच मालावर तीन स्लूस पारखण्याची रीत

नदीच्या वाळूतलं सोनं पकडायला "कोणता स्लूस घेऊ?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो आधीच घेतलेला असतो, त्यांना फक्त माझी मान डोलायला हवी असते. उरलेले सांगतात की आम्ही दोन वापरून बघितले: गेल्या शनिवारी मित्राचा अ‍ॅल्युमिनियमचा लावला, ह्या शनिवारी रबरी मॅटचा, रबरीत जास्त सोनं आलं, म्हणजे रबरी चांगला. पण गेल्या शनिवारी खड्डा वेगळा होता, पाणी वीतभर कमी होतं आणि चाळणी घरी विसरली होती. ही तुलना खड्ड्यांची झाली. स्लूस बिचारे मधल्या मध्ये.

दुसरी चूक ह्याहून मोठी. स्लूसमध्ये किती सापडलं ते सगळे मोजतात, आणि त्यातून किती निसटलं ते कोणीच मोजत नाही. खालची सगळी रीत त्या निसटलेल्या मालाभोवती बांधली आहे. तिला एक पूर्ण दिवस लागतो, दोन माणसं लागतात आणि संध्याकाळी कंबर बोलते.

ज्यांनी स्लूस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच: ही दोन्ही टोकांना उघडी पन्हळ. वाहत्या पाण्यात ठेवायची, वरच्या टोकाला वाळू-खडी घालायची. तळाला आडव्या पट्ट्या असतात, त्यांना रिफल म्हणतात. जड ते रिफलमागे अडकतं, हलकं वाहून जातं. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळूतला क्वार्ट्झ २.६५ पट, काळ्या रेतीतला मॅग्नेटाइट साधारण ५.२ पट. अडकलेला माल शेवटी पॅनमध्ये, म्हणजे पसरट थाळीत, रोळायचा. तांदूळ रोळतो तसाच, फक्त इथे तांदूळ टाकायचे आणि खडे ठेवायचे.

१. जागा आणि नियम: यंत्राची निवड इथेच अर्धी होते

मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहते, त्यामुळे सगळं तिथलंच सांगते. इथे जमिनीतलं नैसर्गिक सोनं १९९१ च्या क्राउन मिनरल्स अ‍ॅक्टप्रमाणे सरकारी मालकीचं. मात्र हौशी लोकांसाठी काही नदीपात्रांचे ठरावीक तुकडे राखून ठेवलेले आहेत. तिथे परवाना लागत नाही आणि सापडलेलं सोनं तुमचं. क्वीन्सटाउनहून साधारण २० किलोमीटरवरच्या अ‍ॅरोटाउनपाशी अ‍ॅरो नदीचा असा एक पट्टा आहे. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी, कारण गावात पॅन भाड्याने मिळतं आणि गरम चहाही.

मुख्य अट एकच, पण कडक: अवजारं हाताने चालणारी हवीत, मोटर नको. म्हणजे पंपाने पाणी वर चढवणारा हायबँकर बाद. दरवर्षी कोणीतरी बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून पंपासकट हायबँकर मागवतं आणि मग तो गॅरेजमध्ये धूळ खातो. आधी जागा ठरवा, मग दुकानात जा.

इशारा: राखीव पट्ट्याची हद्द नकाशावर बघूनच उतरा. हद्दीबाहेर पन्नास पावलांवर तेच काम बेकायदा ठरतं. काठ पोखरू नका, झाडांच्या मुळांखाली खणू नका. काम पात्रातच.

इशारा: चाळणीत हिरवा, गुळगुळीत, जड दगड आला तर खिशात घालू नका. न्गाइ ताहू ह्या माओरी इवीच्या (टोळीच्या) प्रदेशात, म्हणजे दक्षिण बेटाच्या बहुतांश भागात, नैसर्गिक पौनामू (हाच तो हिरवा दगड) १९९७ च्या कायद्याने त्यांच्या मालकीचा आहे.

इशारा: डोंगरात पाऊस पडला की ऊन असतानाही नदी फुगते. इथल्या ओटागो प्रांताच्या रीजनल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नद्यांची पातळी दिसते, ती निघण्याआधी बघा. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या वाहत यायला लागल्या तर स्लूस तिथेच सोडून काठावर या.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी: हे घेऊन गावच्या नदीत उतरू नका. आपल्याकडे नदीतली साधी वाळूसुद्धा गौण खनिज आहे, विनापरवाना उपसा हा गुन्हा आहे, आणि सोन्याचे नियम त्याहून कडक. इथल्यासारखी हौशी लोकांची सोय तिकडे नाही.

२. तुमच्या नदीचं सोनं कसं आहे ते आधी बघा

स्लूस चांगला की वाईट हे सोन्याच्या आकारावर ठरतं. म्हणून स्लूसला हात लावायच्या आधी त्या जागेचे दहा पॅन रोळा. मोठ्या दगडाच्या खालच्या प्रवाहाची बाजू, वळणाची आतली बाजू, खडकातल्या भेगा: जिथे मिळेल तिथून. जे कण मिळतील ते एका बाटलीत.

घरी ते वाळवून तीन चाळण्यांतून जाऊ द्या: साधारण २ मिलिमीटर, १ मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर. प्रत्येक चाळणीवर काय उरलं ते नुसत्या डोळ्यांनी बघा, वजनाची गरज नाही.

अ‍ॅरोच्या आजूबाजूचा खडक शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा. सोनं बहुतेक चपटं असतं, पोह्यासारखं. गोल दाण्यापेक्षा चपटा पापुद्रा पाण्यावर जास्त सहज उचलला जातो, त्यामुळे तुमच्या दहा पॅनमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा माल जास्त दिसला तर स्लूसची निवड आणि त्याची मांडणी दोन्ही बदलतात.

तपासा: दहा पॅनमध्ये एकही कण आला नाही? मग जागा बदला. रिकाम्या मालावर कोणताच स्लूस चांगला ठरत नाही.

३. तीन दावेदार

दुकानात वीस नावं दिसतात, पण तळाशी बघितलं की प्रकार तीनच.

पहिला, जुना प्रकार. अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, त्यात धातूचे उंच रिफल, त्याखाली जाळी, जाळीखाली मॉस. मॉस म्हणजे गुंतवळासारखी प्लॅस्टिकच्या तंतूंची मॅट, भांडी घासायच्या घासणीची मोठी बहीण. हा प्रकार सोशिक आहे. माल जाडाभरडा घाला, पाणी थोडं कमीजास्त होऊ द्या, उतार जरा चुकवा, हा सांभाळून घेतो. जाड आणि मध्यम सोनं सोडत नाही. त्याचं दुखणं शेवटी कळतं: मॉसमध्ये बादलीभर काळी रेती साठते आणि ती रोळता रोळता दिवस मावळतो.

दुसरा, रबरी किंवा प्लॅस्टिकच्या ओतीव मॅटचा. इथे वर काही उभं नसतं, मॅटमध्येच खळगे असतात. पाणी खळग्यात पडून गोल फिरतं, हलकी वाळू बाहेर फेकली जाते, जड तळाला बसतं. ह्याला ड्रॉप-रिफल म्हणतात. धुवायला दोन मिनिटं, हाती येणारी रेती ओंजळभर. पण हा मानी आहे. माल बारीक चाळलेलाच लागतो. पाण्याचा जोर कमी पडला की खळगे गच्च भरतात, आणि भरलेल्या खळग्यावरून सोनं डांबरी रस्त्यावरून जावं तसं जातं.

तिसरा, बारीक सोन्याचा. रुंद, उथळ, तळाला फक्त बारीक रेघांची मॅट. पाण्याचा थर पातळ, उतार कमी. दक्षिण बेटाच्या पश्चिमेला, वेस्ट कोस्टच्या काळ्या रेतीच्या किनाऱ्यांवर असल्याच पेट्या चालतात. नदीच्या गोट्यांत मात्र ह्याचा जीव घुसमटतो. २ मिलिमीटरच्या वरचा माल घातला की रेघा बुजतात.

घडीचे, फोमचे, पाठीवर अडकवायचे वगैरे भेद खरे तर वाहून नेण्याचे आहेत. सोनं पकडण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. रंगाचाही नाही. काळ्या मॅटवर सोनं छान दिसतं आणि म्हणून जास्त वाटतं, इतकंच.

तिन्ही विकत घेऊ नका. दोन मित्रांकडून मागा. इथे सोन्याच्या नादाला लागलेली माणसं अवजारं आनंदाने उसनी देतात, जागा मात्र सांगत नाहीत.

४. माल एक करा

सगळ्यात जास्त वेळ ह्या टप्प्याला द्या.

दहा पॅनमध्ये जिथे बरं सोनं दिसलं तिथूनच माल काढा, एकाच खड्ड्यातून. आधी १२ मिलिमीटरच्या चाळणीतून, मग ६ मिलिमीटरच्या. चाळणी पाण्याने भरलेल्या टबात बुडवून हलवा. कोरडा हलवला तर मातीची ढेकळं सोन्यासकट वर राहतात आणि तुम्ही ती फेकून देता. चिकणमातीची ढेकळं हाताने कुस्करा. चिकणमाती स्लूसमध्ये गेली की गोळा होऊन घरंगळते आणि जाताना सोनं चिकटवून नेते.

असा चाळलेला माल दहा लिटरच्या सहा बादल्या भरेल एवढा हवा. एका बादलीचं वजन पंधरा किलोच्या वर जातं, म्हणून दोन माणसं म्हटलं.

पाणी निथळू द्या. मग ताडपत्रीवर ढीग करा. गावाकडे माती परीक्षणाला नमुना देताना करतात तसं: ढीग रचा, पसरा, पुन्हा रचा, चार-पाच वेळा. माल दमट हवा. गळका असेल तर प्रत्येक हलवण्याबरोबर सोनं खाली सरकतं आणि ताडपत्रीला जाऊन बसतं.

आता वाटणी. तीन टब ओळीने ठेवा. त्याच फावड्याने एक फावडं पहिल्यात, एक दुसऱ्यात, एक तिसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात, ढीग संपेपर्यंत. "हा टब अर्धा भरू, मग पुढचा" असं केलंत की वाटणी बिघडली. ताडपत्री धुतलेलं पाणीसुद्धा तिन्हींत थोडं थोडं ओता.

तपासा: तिन्ही टबांत साधारण दोन दोन बादल्या माल आहे का? टबांवर खडूने क, ख, ग लिहिलं का? आमच्याकडे एकदा जेवणानंतर कोणता टब कुठला ह्यावरून जुंपली होती आणि अख्खी सकाळ पाण्यात गेली.

५. स्लूस पाण्यात बसवणे

तिन्ही स्लूस एकाच ठिकाणी, एकामागून एक लावायचे. शेजारी शेजारी लावू नका. नदीत हातभर अंतरावर प्रवाह बदलतो.

जागा अशी शोधा की पाणी एका दिशेने, न उसळता, पोटरीएवढं खोल वाहतंय. दगड रचून ते स्लूसच्या तोंडाकडे वळवा. आडवी पातळी आधी साधा. स्लूस एका बाजूला कलला असेल तर सगळा माल त्या कडेने पळतो आणि अर्धे रिफल दिवसभर रिकामे बसतात. पाणसळ लागत नाही, फोनमधलं पातळी दाखवणारं अ‍ॅप पुरे. फोन पिशवीत घालून ठेवा, नंतर मला दोष नको.

मग उतार. जुन्या प्रकारासाठी सुरुवात लांबीच्या बाराव्या हिश्श्याने करा: ९० सेंटिमीटर लांब स्लूसला वरच्या आणि खालच्या टोकात साडेसात सेंटिमीटरचा फरक, म्हणजे पाच अंशांच्या जरा आत. ड्रॉप-रिफलला बहुधा ह्याहून थोडा जास्त लागतो, बारीक रेघांच्या मॅटला कमी. हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरा निकाल रिफलमागे दिसतो.

मूठभर माल घाला आणि वाकून बघा. रिफलमागची काळी रेती जागच्या जागी नाचली पाहिजे, उकळत्या आमटीतल्या मोहरीसारखी. रिफलचा वरचा एक तृतीयांश ते अर्धा भाग उघडा दिसला पाहिजे.

- रेती नाचत नाही, रिफल भरून सपाट झालेत: उतार किंवा पाणी कमी आहे.
- रिफलमागे काहीच नाही, मॅट उघडी पडली: जास्त आहे.
- घातलेली मूठ पाच ते दहा सेकंदांत पुढे सरकून रिफल मोकळे झाले: ठीक.

बदल एका वेळी एकच करा. उतार बदललात तर पाणी तसंच ठेवा. दोन्ही एकदम हलवलंत तर काय सुधारलं ते कळत नाही, आणि ही चूक अनुभवी माणसंही करतात.

अजून एक चाचणी आहे. ट्राउट मासेमारीच्या दुकानात टंगस्टनचे २ मिलिमीटरचे मणी मिळतात. टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच. मोजून दहा मणी मालात मिसळा आणि घाला, पण आधी खालच्या टोकाला टब ठेवून, म्हणजे निसटलेले मणी नदीत राहणार नाहीत. दहाच्या दहा वरच्या तिसऱ्या हिश्श्यात सापडायला हवेत. इथे एक गफलत होते: मणी गोल, तुमचं सोनं चपटं. मणी निसटले तर मांडणी नक्की चुकली आहे, पण ते अडकले म्हणून चपटं सोनंही अडकेलच असं नाही.

तपासा: प्रत्येक स्लूसला त्याच्या सोयीचा उतार दिला का? तिन्ही एकाच उतारावर लावणं म्हणजे बैल, घोडा आणि शेळी ह्यांना एकच जू. माल सारखा हवा, मांडणी ज्याची त्याची.

६. माल घालणे आणि निसटलेला माल पकडणे

स्लूसच्या खालच्या टोकाखाली मोठा, खोल टब पाण्यात रुतवून ठेवा. स्लूसमधून बाहेर पडणारं सगळं आधी त्यात पडेल. टबात पाणी संथ होतं, त्यामुळे जड कण बुडतात आणि हलकी वाळू काठावरून निघून जाते. टब अर्धा भरायच्या आत बदला. भरलेल्या टबावरून सोनंही वाहून जाईल आणि स्लूस फुकट शाबासकी मिळवेल.

घड्याळ लावा. माल लहान डावाने, संथ, सारख्या लयीत घाला. फावडंभर एकदम ओतलंत की क्षणभर पाणी अडतं, मग लोंढा येऊन रिफल धुऊन नेतो. एक डाव घाला, रिफल मोकळे होईपर्यंत थांबा, मग दुसरा. आमच्या घरी हे काम नवऱ्याकडे नाही, तो "अगं, उरकून टाकू" म्हणत बादली उलटी करतो.

स्लूसमध्ये गोटा अडकला तर बोटाने उचलून काढा. रिफल चाचपून बघू नका. "आलं का काही?" म्हणून मध्येच मॅट उचलणं तर अजिबात नाही, उचललेल्या कडेखालून पाणी शिरतं आणि बसलेलं सोनं उठतं.

एक स्लूस झाला की त्याचा अडकलेला माल आणि त्याचा टब दोन्ही बाजूला काढा, अक्षर लिहा, मग पुढचा लावा. गढूळ पाणी खाली पसरलेलं दिसलं तर थोडं थांबा. खाली कोणीतरी पोहत असतं.

७. उचलणे आणि धुणे

दिवसभराचं सोनं इथे दोन मिनिटांत जातं, म्हणून क्रम मोडू नका.

१. माल घालणं थांबवून स्लूस मिनिटभर नुसत्या पाण्यावर चालू द्या, वरचे खडे निघून जातील.
२. वरच्या तोंडाशी दगड सरकवून पाणी हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका.
३. स्लूस आडवा, सपाट, दोन्ही हातांनी उचला. वरचं टोक आधी उचललंत तर सगळं खाली घसरतं.
४. रुंद टबात ठेवून मगच रिफल सोडवा. रिफल आणि जाळी त्याच टबात धुवा.
५. मॅट गुंडाळून टबात आणा, पाण्याखाली उलगडा, उलटी करून हलवा.
६. मॉस असेल तर तीन वेगवेगळ्या पाण्यांत, आणि दर वेळी पिळून, वाकवून.

सहावा मुद्दा मी स्वतः शिकले तो असा. पहिल्या वर्षी मॉस एकदाच खळबळला आणि घरी दोरीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तो गच्चीत झटकला, आणि दुपारच्या उन्हात फरशीवर बारीक चकाकी पसरली. मग मी भिजवलेला ब्रश आणि सुपली घेऊन गुडघ्यावर. लहानपणी सराफ कट्ट्यावर झारेकरी पहाटे दुकानांपुढची धूळ झाडून न्यायचे, ते बघून आम्ही हसायचो. त्या धुळीतून मला पाऊण गुंज सोनं मिळालं. आदल्या दिवशी नदीवर मिळालेलं सगळं मिळून दीड गुंज होतं, म्हणजे माझ्या "कमी पकडणाऱ्या" स्लूसने खरं तर चांगलं पकडलं होतं. मीच ते धुतलं नव्हतं.

(गुंज म्हणजे तोळ्याचा शहाण्णवावा भाग, सुमारे ०.१२ ग्रॅम. ग्रॅममध्ये सांगितलं की हौशी माणसाचा दिवस फार केविलवाणा वाटतो, म्हणून मी गुंजांत मोजते.)

८. रोळणे, वाळवणे, वजन

आता सहा ढीग आहेत: तीन स्लूसमधले, तीन टबांतले. सगळे एकाच माणसाने, एकाच पॅनमध्ये रोळायचे. एक ढीग ताज्या हातांनी आणि दुसरा थकून रोळलात तर फरक स्लूसचा की तुमचा?

आधी प्रत्येक ढीग २ मिलिमीटर आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. एकाच आकाराचा माल रोळायला अर्धा वेळ लागतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. बारीक सोन्याला तेलकटपणा लागला की ते पाण्यावर तरंगतं, थेंबाने ते बुडतं. शेवटी उरलेल्या काळ्या रेतीतला मॅग्नेटाइट चुंबकाने ओढून घ्या. चुंबक पिशवीत गुंडाळा, पॅनच्या वर धरा, मॅग्नेटाइट दुसऱ्या ताटलीत सोडून पुन्हा एकदा पसरून बघा. त्याच्यासोबत सोन्याचे कण ओढले जातात.

इशारा: पारा वापरू नका. कोणी जुना माणूस सुचवेल, "थेंबभर पाऱ्याने सगळं गोळा होतं" म्हणून. पाऱ्याची वाफ फुप्फुसांत जाते आणि नदीत गेलेला पारा माशांत येतो.

रोळलेलं सोनं मंद आचेवर स्टीलच्या ताटलीत वाळवा. ओलं सोनं तोललंत तर पाण्याचं वजन धराल. काटा ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा, ०.०१ चा पुरत नाही. दोन मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड अशी एक चकती साधारण ०.०१ ग्रॅम भरते, आणि ०.३ मिलिमीटरचे पातळ कण तेवढं वजन व्हायला दीडशेच्या वर लागतात. म्हणजे साध्या काट्यावर तुमचं सगळं बारीक सोनं शून्य दिसेल.

ह्याच कारणाने २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेली एखादी मोठी चकती हिशोबातून वेगळी ठेवा. ती कोणत्या टबात पडली हा निव्वळ नशिबाचा भाग, आणि तिच्या वजनाने उरलेला सगळा निकाल झाकला जातो.

९. हिशोब

प्रत्येक स्लूससाठी दोनच आकडे: अडकलेलं आणि निसटलेलं. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या स्लूसला मिळालेलं एकूण सोनं. अडकलेल्याला बेरजेने भागा.

समजा क स्लूसमध्ये ०.०८४ ग्रॅम अडकलं आणि त्याच्या टबात ०.०२१ सापडलं. एकूण ०.१०५, म्हणजे पकड ८० टक्के. ख मध्ये अडकलं ०.०६१, टबात ०.००३. एकूण ०.०६४, पकड ९५ टक्के. ताटलीत बघितलं तर क जिंकल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या वाटणीलाच जास्त सोनं आलं होतं आणि त्यातला पाचवा हिस्सा त्याने घालवला. टब ठेवला नसता तर तुम्ही क विकत घेतला असता.

टबातूनही थोडं बारीक सोनं गेलंच असणार, त्यामुळे टक्केवारी खऱ्यापेक्षा जरा चांगलीच दिसते. पण तिन्ही स्लूसना तसाच टब होता, म्हणून तुलना चालते. ९५ आणि ९३ मधल्या फरकावर भांडू नका. एका दिवसाच्या चाचणीत दोन-चार टक्के इकडेतिकडे होतातच.

मग वेळ. चाळणे, घालणे, धुणे, रोळणे ह्यांची मिनिटं मिळवा. ड्रॉप-रिफलचा धुण्या-रोळण्यात तासभर वाचतो, पण माल ६ मिलिमीटरवर चाळण्यात तो तास आधीच गेलेला असतो. माल चाळायला सोपा, मोकळ्या वाळूचा असेल तर ड्रॉप-रिफल. चिकणमाती आणि गोटे भरपूर असतील तर जुना प्रकार, धुणं लांबलं तरी. मला विचाराल तर अ‍ॅरोसाठी मी ड्रॉप-रिफल नेते, पण पाऊस होऊन गेल्यावर, पाणी चढउतार करत असताना, जुना अ‍ॅल्युमिनियमचाच. बारीक रेघांचा तिसरा स्लूस मी नदीवर नेतच नाही. घरी, बाकीच्या दोघांनी पकडलेली काळी रेती पुन्हा चालवायला तो उत्तम.

तपासा: टबातलं सोनं बहुतांश बारीक आहे की जाडही आहे? जाड निसटलं असेल तर स्लूसला नावं ठेवू नका, उतार चुकला होता. पाचव्या टप्प्यावर परत जा.

१०. खड्डा बुजवा, अवजारं धुवा

खड्डा बुजवा, पाणी वळवायला रचलेले दगड मोडून टाका.

मग डिडिमो. डोळ्यांना न दिसणारं हे शेवाळ २००४ मध्ये दक्षिण बेटावर आढळलं आणि ओल्या बुटांवरून, मॅटवरून एका नदीतून दुसरीत जातं. मॉस मॅट तर त्याला पालखीच. एका नदीतून निघून दुसरीत उतरण्याआधी:

- चिकटलेला गाळ, शेवाळाचे धागे काठावरच काढून टाका.
- भांड्यांच्या साबणाचं ५ टक्के द्रावण करा, म्हणजे एक लिटरमध्ये ५० मिलिलिटर, आणि सगळं त्यात भिजवा. मॅट, मॉस, बूट आतपर्यंत भिजले पाहिजेत.
- हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा आणि त्यानंतर आणखी किमान ४८ तास तसंच ठेवा.

मॉसची घडी बोटांनी उघडून बघा, बाहेरून कोरडा वाटला तरी आत ओल राहते. आणि दोरीखाली जुनी चादर अंथरा.